माणूस दारातून आत आला की कळतं का? मुलाखत घेणाऱ्या एका क्वालिटी अधिकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यात मी वीसेक वर्षं क्वालिटी विभागात आहे. गेली काही वर्षं डिप्लोमा झालेल्या मुलांच्या मुलाखतीच्या पॅनेलवरही असतो. मुलगा दारातून आत आला, खुर्चीत बसला, दोन वाक्यं बोलला की मला अंदाज येतो. एचआरमधल्या नव्या सहकारी म्हणाल्या, ‘सर, तुम्हाला दिसतं ते तुम्ही आधीच ठरवलेलं असतं.’ मी कुणाचं नाव-गाव बघून गुण देत नाही. मग एवढ्या वर्षांच्या अनुभवाला काही किंमतच नाही का?"

अनुभवाला किंमत आहे, आणि भरपूर आहे. तुमच्या सहकारी म्हणतात तेही खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात असं तुम्हाला वाटतंय, कारण बघणं आणि मत बनवणं ही दोन वेगळी कामं आहेत असं आपण धरून चालतो. डोळे जे आहे ते दाखवतात, मन त्यावर नंतर निकाल देतं. म्हणून मन साफ ठेवलं की निकालही साफ येणार, असा हिशोब. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांना माणसं निवडायला मदत करणं हे माझं काम. मानसशास्त्र शिकून या कामात बरीच वर्षं काढल्यावर सांगते, सगळ्यात जास्त वेळ हा एकच समज दूर करण्यात जातो. आपली अपेक्षा बघून झाल्यावर येत नाही, ती बघण्यातच मिसळलेली असते.

१९४९ साली जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना खेळातले पत्ते निमिषभर दाखवले. त्यांत काही पत्ते मुद्दाम उलट्या रंगात छापलेले होते, म्हणजे इस्पिक लाल, बदाम काळा. साधा पत्ता ओळखायला सरासरी २८ मिलिसेकंद पुरले, उलट्या रंगाच्या पत्त्याला ११४ लागले. मला मात्र आकड्यांपेक्षा चुका जास्त बोलक्या वाटतात. काळा बदाम समोर असताना काहींनी तो बेधडक इस्पिक म्हणून सांगितला, काहींनी नेहमीचा लाल बदाम म्हणून. आणि काहींना चक्क तडजोडीचा रंग दिसला: तपकिरी, जांभळट, काळपट लाल. पत्त्यावर तो रंग नव्हताच. डोळ्यांनी एक सांगितलं, सवयीने दुसरं सांगितलं, आणि मेंदूने मधला रस्ता काढून तोच ‘दिसतोय’ म्हणून पुढे केला. हे विद्यार्थी खोटं बोलत नव्हते. त्यांचा पत्त्यांशी काही वैरभावही नव्हता.

तुम्ही म्हणाल, क्षणभर दाखवलं तर कोणीही चुकेल, नीट वेळ देऊन बघणाऱ्या तज्ज्ञाचं काय? ते २०१३ साली ट्रॅफ्टन ड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तपासलं. २४ रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन देऊन त्यांतल्या गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये गोरिलाचं छोटं चित्र चिकटवलं होतं, नेहमीच्या गाठीच्या साधारण ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. त्यांची नजर कुठे फिरतेय याची नोंद यंत्राने ठेवली होती, आणि त्या २० पैकी १२ जणांची नजर थेट गोरिलावर पडून पुढे गेली होती. हे डॉक्टर निष्काळजी नव्हते. ते गाठी शोधत होते, आणि गाठी शोधण्यात ते अनाडी माणसापेक्षा कितीतरी सरस होतेच. अनुभवाने त्यांची नजर एका ठिकाणी धारदार केली, आणि त्याच धारेमुळे बाकीचं बाजूला पडलं. तुमच्या फायनल इन्स्पेक्शनलाही हे लागू आहे. जेरेमी वुल्फ यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की विमानतळावरच्या बॅगांसारख्या चित्रांमध्ये शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर ती साधारण ७ टक्के वेळा सुटते, पण शंभरात एखाद्याच चित्रात असेल तर ३० टक्के वेळा सुटते. माणसं तीच, डोळे तेच. ‘बहुतेक काही नसणार’ एवढी अपेक्षा तयार झाली की नजर लवकर आवरती घेतली जाते.

आता तुमच्या ‘मी नाव-गाव बघत नाही’ या वाक्याकडे येते. तुमच्या हेतूवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण हेतू इथे फारसा कामाला येत नाही, आणि हे तुम्हाला घरच्या घरी पडताळता येईल. एक मोठा डबा घ्या आणि एक लहानशी डबी. दोन्हींत रेती किंवा तांदूळ भरून काट्यावर वजन अगदी सारखं करा. मग उचलून बघा. लहान डबी जड लागेल. ऑगस्तां शार्पांतिए या फ्रेंच डॉक्टरांनी १८९१ मध्ये हे नोंदवून ठेवलं आहे. वजन सारखं आहे हे तुम्ही स्वतः करूनही डबी जडच लागते, पुन्हा पुन्हा उचलली तरी. २००० साली फ्लॅनगन आणि बेल्ट्झनर यांनी त्यात आणखी एक बारकावा दाखवला. काही वेळा उचलल्यावर बोटांचा जोर अगदी बरोबर होतो, म्हणजे हात खरं वजन शिकतो. जाणीव मात्र जुनंच सांगत राहते. सत्य माहीत असणं आणि सत्य जाणवणं यांत एवढं अंतर असेल, तर ‘मी पूर्वग्रह ठेवणार नाही’ असं स्वतःला बजावून खुर्चीत बसल्याने काय होणार?

कानाचंही तेच आहे, आणि आपल्या पुण्यात ते जास्त लागू पडतं. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता. म्हणजे वर्षाचं होण्याआधीच कान कुठल्या फरकाकडे लक्ष द्यायचं आणि कुठला सोडून द्यायचा, हे घरातल्या बोलण्यावरून ठरवून मोकळा होतो. ज्यांच्या घरात ‘ण’ ठणठणीत उच्चारला जातो त्यांच्या कानाला समोरच्याचा ‘न’ खटकणारच, ते त्यांनी ठरवलेलं नसतं. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. खटकलेला उच्चार बघता बघता ‘शिक्षण कच्चं’, ‘आत्मविश्वास नाही’, ‘कस्टमरसमोर उभा करता येणार नाही’ असा होत जातो, आणि लिहिणाऱ्याला मात्र वाटत राहतं की त्याने फक्त दिसलं ते लिहिलं.

हे मी एका निवडीत अगदी जवळून पाहिलं. कारखान्याचं नाव सांगत नाही. (‘जॉब’ म्हणजे मशीनवर घडवला जाणारा धातूचा भाग.) प्रश्न होता, "मशीनवरून जॉब गरमच निघालाय. लगेच माप घेतलं तर काय होईल?" बीडकडचा एक मुलगा म्हणाला, "गरम हाय तवर माप जास्तीच दावतंय सर. गार होऊ द्यायचं, मग घ्यायचं. पान्यात टाकून गार नाय करायचं, लांब जॉब आसंल तर वाकतंय." त्याच्यानंतर आलेल्या मुलाचं उत्तर होतं, "सर, थर्मल एक्स्पान्शनमुळे डायमेन्शनल व्हेरिएशन येऊ शकतं, सो प्रॉपर कंडिशनमध्ये मेजर करायला पाहिजे." पहिल्याच्या कागदावर एका पॅनेल सदस्याचा शेरा होता: ‘कम्युनिकेशन वीक, थिअरी नाही.’ दुसऱ्याच्या कागदावर: ‘कन्सेप्ट क्लिअर.’

तुम्ही क्वालिटीतले आहात, तर उत्तरं पुन्हा वाचा. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब ३० अंशांनी गरम असेल तर माप साधारण ३५ मायक्रॉनने जास्त येतं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्तपणा, बारीक असेल तर एवढ्यात चांगला जॉब रिजेक्ट होतो, किंवा पुन्हा घासायला (रिवर्कला) जाऊन गार झाल्यावर मापापेक्षा लहान, अंडरसाइज निघतो. पहिल्या मुलाने माप कुठल्या दिशेने चुकेल ते सांगितलं, काय करायचं ते सांगितलं, आणि घाईत लोक जो उद्योग करतात तो का करायचा नाही तेही सांगितलं. दुसऱ्याने, गरम झाल्यावर धातू फुगतो या घटनेचं नाव सांगितलं. ‘प्रॉपर कंडिशन’ म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही, कारण त्याला ते माहीत असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. तो जिथे थांबला तिथून पुढचं उत्तर ऐकणाऱ्यांनी आपल्या मनाने पूर्ण केलं.

नंतर दोन्ही उत्तरं प्रमाण मराठीत टाइप करून, नावं काढून, इतर उत्तरांत मिसळून मी त्याच सदस्यांपुढे ठेवली. पहिलं उत्तर वर आलं, आणि त्यावर शेरा होता ‘शॉप फ्लोअरची जाण चांगली’. ज्यांनी ‘थिअरी नाही’ लिहिलं होतं त्याच गृहस्थांचा हा शेरा. हा माणूस दुष्ट नव्हता, जातीयवादी नव्हता. अप्रेंटिस मुलांसाठी वरिष्ठांशी भांडणारा होता. त्याला मुलाखतीत ते उत्तर खरोखरच ऐकू आलं नव्हतं.

इथे कोणी म्हणेल, पण बोलणं महत्त्वाचं नाही का? असेल तर जरूर तपासा. ग्राहकाच्या ऑडिटला सामोरं जायचं असेल तर बोलणं हा त्या कामाचा भाग आहे. मग त्याचा रकाना वेगळा ठेवा, त्यासाठी वेगळा प्रश्न विचारा, आणि तो गुण त्याच रकान्यात राहू द्या. तो शेजारच्या रकान्यात झिरपतो ही खरी अडचण आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं की सैन्यातले अधिकारी हाताखालच्या जवानांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांचे वेगवेगळे गुण देतात खरे, पण ते सगळे गुण संशय यावा इतके एकाच दिशेने जातात. एक गुण ठसला की बाकीचे त्याच्यामागून चालत येतात.

आणि पहिलं जे ठसतं त्याचं वजन सर्वांत जास्त. सॉलोमन ॲश यांनी १९४६ मध्ये एका माणसाचं वर्णन सहा शब्दांत दिलं: हुशार, मेहनती, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला तेच सहा शब्द उलट क्रमाने दिले. ज्यांना ‘हुशार’ आधी ऐकायला मिळालं त्यांच्या मनात कर्तबगार पण थोडा दोष असलेला माणूस उभा राहिला; ज्यांना ‘मत्सरी’ आधी मिळालं त्यांना तो स्वभावामुळे वाया गेलेला वाटला. ‘हट्टी’ हा शब्द दोन्ही यादींत होता, पण एकीकडे तो तत्त्वाला चिकटून राहणारा झाला आणि दुसरीकडे हेकेखोर. तुमची ती ‘दोन वाक्यं’ म्हणजे हेच. त्यांत जे ठरतं त्याच्या प्रकाशात पुढची वीस मिनिटं वाचली जातात, आणि शेवटी वाटतं की सबंध मुलाखतीने आपला पहिला अंदाज खरा ठरवला.

उशिरा येणाऱ्या मुलांचं उदाहरण यासाठी मी नेहमी देते. कोथरूडहून स्कूटरने येणारा मुलगा पंधरा मिनिटं उशिरा आला तर आपण म्हणतो, नाशिक फाट्याला अडकला असेल. मोशीला कॉट बेसिसवर राहणारा, बस बदलून येणारा तेवढाच उशिरा आला तर शिस्तीचा प्रश्न वाटतो. खरं तर रस्त्यावर त्याच्या हातात जास्त काही नव्हतं. आपल्यासारख्या माणसाच्या वागण्याला आपण परिस्थिती जोडतो, आणि परक्याच्या वागण्याला स्वभाव.

आता सर्वांत गंभीर भाग. इथवर असं धरून चाललो की उमेदवार आहे तसाच आहे, फक्त आपलं बघणं बिघडतं. पण आपली अपेक्षा समोरच्या माणसालाही बदलते. १९७४ मध्ये वर्ड, झॅना आणि कूपर यांनी अमेरिकेत गोऱ्या मुलाखतकारांना काळ्या आणि गोऱ्या उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला लावल्या. काळा उमेदवार असला की खुर्ची थोडी दूर राहायची, मुलाखत लवकर आटपायची, मुलाखतकार बोलताना जास्त अडखळायचा. मग त्यांनी दुसरा प्रयोग केला: प्रशिक्षण दिलेल्या मुलाखतकारांनी गोऱ्याच उमेदवारांना मुद्दाम तशी तुटक वागणूक दिली. ते उमेदवारही अवघडले, आणि त्यांच्या मुलाखती वाईट झाल्या. खोलीत कोणीही अपशब्द काढला नव्हता. आपल्याकडचा दाखला उत्तर प्रदेशातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तोवर दलित आणि सवर्ण मुलं जवळपास बरोबरीने सोडवत होती. सगळ्यांसमोर नावाबरोबर जात उच्चारली तेव्हा दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. कोडी तीच, मुलांची डोकी तीच. आपल्याकडून काय अपेक्षा आहे हे मुलांना कळलं, एवढंच बदललं होतं.

म्हणून मुलाखतीच्या खोलीत ‘कुठले तुम्ही?’, ‘वडील काय करतात?’, ‘आडनावावरून सातारकडचे वाटता’ अशा आपुलकीच्या प्रश्नांनी सुरुवात करू नका, असं मी आग्रहाने सांगते. विचारणाऱ्याच्या मनात माया असते हे मला ठाऊक आहे. पण त्या प्रश्नाने विचारणाऱ्याच्या मनात एक चौकट उघडते, आणि उत्तर देणाऱ्याच्या मनात दुसरी. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ मधला अभ्यास पॅनेलवरच्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित आडनावाच्या आणि मुस्लिम नावाच्या अर्जांना पुढे बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. ते अर्ज चाळणाऱ्या बहुतेकांनी ‘आम्ही गुणवत्ताच बघतो’ असंच सांगितलं असतं, आणि मनापासून सांगितलं असतं.

एवढं वाचून तुम्ही निराश व्हाल म्हणून दुसरी बाजूही सांगते, कारण तीही तितकीच खरी आहे. अपेक्षा बऱ्याचदा बरोबर असतात. शिक्षकांची अपेक्षा मुलांची बुद्धी फुलवते किंवा खुरटवते, ही रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांची १९६८ मधली मांडणी खूप गाजली. पण नंतरच्या कामातून दिसलं की तो परिणाम खरा असला तरी बहुतेक वेळा लहान असतो, आणि शिक्षकांचे अंदाज पुष्कळदा मुलाच्या आधीच्या कामावर आधारलेले, बरोबरच असतात. अपेक्षेशिवाय बघताही येत नाही. तुम्ही लाइनवरून चालताना स्पिंडलचा, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याचा, आवाज बदललेला ओळखता, ते अनुभवाने तयार झालेल्या अपेक्षेमुळेच. नवख्या मुलाला तो नुसता गोंगाट असतो.

मग अनुभवावर कधी विसंबायचं? डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन हे दोघं मानसशास्त्रज्ञ या प्रश्नावर विरुद्ध टोकांना होते. एक अंतःप्रेरणेवर संशय घेणारा, दुसरा अग्निशमन दलातल्या अनुभवी अधिकाऱ्यांच्या अंतःप्रेरणेचा अभ्यासक. २००९ मध्ये दोघांनी मिळून जे लिहिलं त्यात दोन अटी आहेत. समोरच्या गोष्टीत खरोखर काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर आला की चूक हे वारंवार, लवकर कळायला हवं. स्पिंडलच्या बाबतीत दोन्ही अटी पुऱ्या होतात. तुम्ही म्हणालात बेअरिंग गेलंय, उघडून बघितलं, संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं. अशी शेकडो उत्तरं मिळत मिळत तुमचा कान तयार झाला. मुलाखतीत काय होतं? घेतलेल्या मुलाचं पुढे काय झालं ते थोडंफार कळतं, तेही महिन्यांनी, आणि तोवर सुपरवायझर, शिफ्ट, मशीन अशी दहा कारणं त्यात मिसळलेली असतात. नाकारलेल्या मुलाचं काय झालं ते तर कधीच कळत नाही. तो शेजारच्या कंपनीत उत्तम टूलरूम सांभाळत असेल, पण तुमच्या डोक्यातल्या हिशोबात तो ‘बरोबर नाकारलेला’ म्हणूनच राहतो. वीस वर्षांत दोन्ही कामांबद्दल आत्मविश्वास सारखाच वाढला, पण कौशल्य एकाच कामात वाढलं. माणूस दारातून आत आल्यावर येणारा तुमचा अंदाज चूकच असतो असं मी म्हणत नाही. तो तपासला गेलेला नाही.

आणि न तपासलेल्या साधनाचं काय करायचं हे मी तुम्हाला शिकवायची गरज नाही. पॅनेल हे माप घेणारं साधन आहे असं धरा. नवीन गेज, म्हणजे मापाचं उपकरण, आला की तुम्ही आर अँड आर करता, म्हणजे तेच माप पुन्हा घेतलं किंवा दुसऱ्याने घेतलं तर किती बदलतं ते तपासता: बहुधा दहा पार्ट, तीन ऑपरेटर, प्रत्येकी दोन-तीन रीडिंग, पार्टचा क्रम बदललेला, आणि आधीचं रीडिंग ऑपरेटरला दाखवायचं नाही. का दाखवायचं नाही? कारण दिसलं तर नवं रीडिंग जुन्याकडे ओढलं जातं. ऑपरेटर लबाड आहे म्हणून तुम्ही ही काळजी घेत नाही, तो माणूस आहे म्हणून घेता. त्रुटी ३० टक्क्यांच्या वर गेली तर गेज वापरत नाही, ऑपरेटर कितीही जुना असला तरी. मुलाखतीच्या खोलीत मात्र मधल्या खुर्चीतले साहेब ‘मुलगा बरा वाटला’ म्हणतात, आणि मग बाकीचे दोघं आपापले गुण लिहितात.

पॅनेलचं आर अँड आर अवघड नाही. उमेदवारांची परवानगी घेऊन काही उत्तरं नोंदवून ठेवा, टाइप करा, नाव, कॉलेज, गाव काढून टाका. तिघांनी न बोलता वेगवेगळे गुण द्यावेत. महिन्याभराने तीच उत्तरं दुसऱ्या उत्तरांत मिसळून पुन्हा द्या. तिघांत किती फरक पडतो ते कळेल, आणि एकाच माणसाचा स्वतःशी किती फरक पडतो तेही कळेल. हा दुसरा आकडा बघून मी भल्याभल्यांना गप्प होताना पाहिलं आहे. माझ्या व्याख्यानाने जे होत नाही ते त्या कागदाने होतं.

प्रत्यक्ष मुलाखतीची पद्धत कशी असावी, याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण पुन्हा कानमन यांचंच आहे. १९५५ साली ते एकवीस वर्षांचे होते, इस्रायलच्या सैन्यात लेफ्टनंट. नव्या जवानांना कुठल्या कामावर पाठवायचं हे मुलाखतीवरून ठरायचं, आणि मुलाखतकारांच्या एकूण मताचा पुढच्या कामगिरीशी फारसा संबंध दिसत नव्हता. त्यांनी सहा गुण निवडले, प्रत्येकासाठी आधीच्या आयुष्याबद्दलचे साधे, तपासता येणारे प्रश्न ठरवले, आणि नियम घातला की एका गुणाचे गुण लिहिल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही. एकूण मत बनवायचंच नाही. मुलाखतकार चिडले. आम्हाला यंत्रमानव करताय, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा कानमन यांनी त्यांच्यासाठी एक जागा ठेवली: सहाही गुण लिहून झाले की डोळे मिटा, तो तरुण जवान म्हणून कसा होईल ते मनात आणा, आणि एक आकडा लिहा. काही महिन्यांनी ताडून पाहिलं. सहा गुणांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा बरीच सरस निघाली. आणि डोळे मिटून लिहिलेला आकडाही तितकाच चांगला निघाला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यात सापडतं. त्या मुलाखतकारांचा अनुभव वाया गेला नव्हता. तो चुकीच्या वेळी बोलत होता. माहिती यायच्या आधी बोलला की तो माहितीलाच आपल्या रंगात रंगवतो. माहिती वेगवेगळ्या रकान्यांत उतरल्यावर बोलला की त्याच्याकडे काही सांगण्यासारखं असतं.

तर तुमच्या पॅनेलसाठी माझा सल्ला असा. बायोडेटा मुलाखतीनंतर वाचा. त्यातलं जे खरोखर लागतं, म्हणजे विषय, टक्केवारी, अप्रेंटिसशिप, ते एचआरने कोऱ्या कागदावर काढून द्यावं. कोणाची चिठ्ठी किंवा ओळख आली असेल तर ती एचआरकडेच थांबली पाहिजे, पॅनेलला तिचा वासही लागता कामा नये. सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमाने, आणि चांगल्या उत्तरात काय काय यायला हवं ते आधी लिहिलेलं. ‘प्रॉपर कंडिशन’ असं कोणी म्हणालं तर ‘म्हणजे काय?’ हा पुढचा प्रश्न सक्तीचा. शक्य असेल तिथे बोलायला लावण्यापेक्षा करायला लावा: टेबलावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाच जॉब आणि एक ड्रॉइंग ठेवा, त्यातला एक जॉब चुकीचा. दहा मिनिटं मुलाच्या हाताकडे बघा, आणि काय बघायचं याची यादी हातात ठेवा. तिन्ही गुणपत्रिका बंद होईपर्यंत तिघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, आणि चर्चेत सर्वांत ज्येष्ठाने शेवटी बोलायचं. सर्वांत ज्येष्ठ म्हणजे बहुधा तुम्हीच.

याने वेळ जास्त जातो, हे खरं आहे. एका दिवसात चाळीस मुलं उरकायची असतील तर हे जमणार नाही. मग मुलं आधी लेखी आणि हाताच्या कामावर कमी करा आणि मुलाखत थोड्यांचीच घ्या, पण नीट घ्या. चाळीस जणांना पाच-पाच मिनिटं देणं म्हणजे चाळीस जणांच्या पेहरावाला आणि उच्चाराला गुण देणं.

तुमच्या त्या पहिल्या अंदाजाचं मात्र एक करा. तो दाबू नका, लिहा. मुलगा खुर्चीत बसल्यावर वेगळ्या चिठ्ठीवर एक ते दहा असा आकडा टाका, घडी घाला, पाकिटात टाका, आणि नंतरची मुलाखत ठरल्याप्रमाणे घ्या. निवड पाकीट न उघडता करा. आणि व्यवस्थापनाकडे एक परवानगी मागा: प्रत्येक तुकडीत रकान्यांप्रमाणे अगदी काठावर नाकारले गेलेले एक-दोन जण अप्रेंटिस म्हणून घ्यायची. सहा महिन्यांनी, ज्यांना मुलाखतीचे गुण माहीत नाहीत अशा सुपरवायझरकडून सगळ्यांच्या कामाचे गुण मागवा, आणि मग पाकिटं उघडा. एका तुकडीवरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार तुकड्या जाऊ द्या. तोवर पाकिटं तुमच्या सहकारी बाईंच्या कपाटात राहू देत.